रोमिंग बंद म्हणजे नक्की काय बंद?

माझ्यासमोरच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "मॅडम, मी तं काहीच नाही केलं ना जी!" एका मोबाइल कंपनीच्या नागपूरच्या ऑफिसात, बिलांच्या तक्रारी ऐकायच्या टेबलावर माझी सगळी नोकरी गेली. पुढं पुढं तर समोरचा माणूस खुर्ची ओढायच्या आतच हे वाक्य मी मनातल्या मनात म्हणून मोकळी व्हायचे.

मग माझं काम सुरू व्हायचं. हा खरं बोलतोय का? खरं बोलत असेल, तर याच्या फोननं याच्या नकळत काय उद्योग केला? फोनचाही दोष नसेल, तर आमच्या कंपनीच्या यंत्रानं कुठं घोळ घातला? एकाच वेळी तिघांवर संशय घ्यायचा आणि चेहरा मात्र ‘पाणी घ्या ना’ असा ठेवायचा, ही माझी नोकरी. तिचा पगार मिळायचा, पण ती सवय ऑफिसात ठेवून घरी येता येत नाही. आमचे हे म्हणायचे, भाजीवाल्यानं कोथिंबीर फुकट दिली तरी तू आधी तिची मुळं तपासशील. तपासायचे मी. आजही तपासते.

या टेबलावर एक युक्ती मी स्वतःच शिकले, कुणी शिकवली नाही. माणूस ज्या तक्रारीसाठी आलेला असतो ती त्यानं घरून घोकून आणलेली असते. तिच्यात फट सापडत नाही. म्हणून ती नीट ऐकून घ्यायची आणि मग दुसरंच काहीतरी विचारायचं. प्रवास कसा झाला, जेवणाचे हाल झाले का, पोरं कशी आहेत. दुसऱ्या तक्रारीत माणूस खरं बोलतो, कारण ती त्यानं घोकलेली नसते.

या युक्तीनं मला गुन्हेगार जितके सापडले तितकीच निर्दोष माणसंही सापडली. कुहीकडच्या एक आजी होत्या, मुलाकडे दुबईला राहून आलेल्या. त्यांच्या फोनचं बिल इथल्या धाकट्या मुलाच्या नावावर यायचं आणि त्या महिन्याचं बिल पाहून तो लालेलाल झाला होता. त्याचं म्हणणं, आई दिवसभर गावाकडच्या बायांशी बोलत बसली आणि आता नाही म्हणते. आजी शपथा घेत होत्या. मी आजींना विचारलं, लेकीची आठवण येत होती का तिकडे? तर म्हणाल्या, "येत होती ना बाई. पण बोलत नव्हती मी. ती रोज सांजच्याला मिसकॉल मारे अन् मी काटून टाको. काटला म्हणजे माय बरी आहे, एवढं तिले समजे. उचलला तं पैसे लागते. काटला तं कायचे पैसे?"

आपल्याकडे हे घरोघर चालतं. मिसकॉल मारायचा, पलीकडच्यानं तो काटायचा, निरोप पोचला. पण आजींच्या नंबरावर, न घेतलेल्या फोनची खबर देणारी एक सेवा लावलेली होती. त्यामुळे काटलेला प्रत्येक फोन त्या सेवेकडे वळायचा आणि दुबईहून वळायचा तो परत भारतात यायचा. म्हणजे जाण्याचे पैसे आणि येण्याचेही. आजींनी एक शब्द न बोलता परदेशातून केलेल्या लांबलचक फोनांएवढं बिल केलं होतं. मी हे सांगितल्यावर मुलगा बिल उलटसुलट करून पाहू लागला. आजी मात्र माझ्याकडेच संशयानं बघत होत्या. न बोलण्याचे पैसे घेणारी कंपनी आणि तिची ही मॅडम, दोघी सारख्याच, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मला त्यांचं चुकलं असं वाटलं नाही.

निवृत्त झाल्यावर मी हुडकेश्वरला घरी बसून पाहिलं. जमलं नाही. तेव्हा नंदनवनात मोबाइलचं दुकान चालवणाऱ्या साहूजींनी दुकानाच्या कोपऱ्यात मला एक टेबल दिलं. पूर्वी आमच्या ऑफिसात त्यांचं येणंजाणं असायचं, तेवढी ओळख. आता संध्याकाळी मी तिथं बसते आणि परदेशी निघालेल्या लोकांचे फोन लावून देते. आपल्या नागपूरचे लोक आता कुठं कुठं जातात हे ऐकून चकित व्हाल. विहारातले लोक श्रीलंकेला, दुकानदार थायलंडला, म्हातारे आईवडील मुलांकडे सगळ्या जगात. आणि जाण्याआधी प्रत्येकाला एकच भीती, परत आल्यावर बिल किती येईल.

ही भीती खोटी नाही. तुमचं इथलं सिम घेऊन तुम्ही परक्या देशात नेट वापरलंत, तर ते नागपूरच्या घरून बँकॉकला डबा मागवण्यासारखं आहे. वरण तेच, पण पोचवण्याचा खर्च काय होईल तो होईल. त्यापेक्षा तिथल्या खानावळीचं कूपन आधीच काढून ठेवावं. प्रवासाचं ई-सिम म्हणजे हे कूपन. त्याचं कार्ड नसतं, इथं घरच्या वायफायवर एक चौकोनी चित्र फोनला दाखवलं की ते फोनच्या आत जाऊन बसतं. जुन्या फोनांत चालत नाही, आणि एकदा काढून टाकलं तर तेच पुन्हा बसेल याचा भरवसा नसतो. म्हणून परत येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

आता फोनमध्ये दोन सिमं झाली, घरचं आणि बाहेरचं. गोंधळ इथूनच सुरू होतो. घरच्या सिमचं नेट बंद करायचं, त्याचं डेटा रोमिंगही बंद करायचं. एक छुपं बटण आणखी असतं, ते फार थोड्यांना माहीत असतं. बाहेरच्या सिमला रेंज मिळाली नाही की फोन न विचारता घरच्या सिमचं नेट वापरू लागतो. तेही बंद करायचं. आणि बाहेरच्या सिमचं रोमिंग मात्र चालू करायचं. कारण ते बहुतेक वेळा भलत्याच कुठल्या देशातल्या कंपनीचं असतं, तेही तिथं पाहुणंच असतं.

हे शेवटचं वाक्य ऐकलं की लोक खुर्चीतून उठायला लागतात. मानेवाड्याचे एक ठेकेदार व्हिएतनामला निघाले होते, ते तर माझ्यावर डाफरलेच. "रोमिंगपासून वाचाले तुमच्याकडे आलो, अन् तुम्हीच म्हणता रोमिंग चालू करा? येडा समजून राहिले काय जी मले?" मी समजावलं, त्यांनी मान हलवली, आणि विमानात बसल्यावर स्वतःच्या हातानं ते बटण बंद करून टाकलं. सगळी सहल हॉटेलच्या वायफायजवळच्या सोफ्यावर बसून काढली आणि परत येऊन माझं ई-सिम नकली होतं असं साहूजींना सांगितलं. ठेकेदार माणूस, समोरचा हलका माल देणार हे गृहीत धरूनच चालतो. मी तरी काय वेगळी आहे?

तर ‘रोमिंग बंद’ या दोन शब्दांचे तीन अर्थ होतात. एक, कंपनीला सांगून सेवाच बंद. दोन, फोनमधलं नेटचं बटण बंद. तीन, घरचं सिमच बंद. लोकांना हवा असतो दुसरा आणि करून बसतात तिसरा. तिसरा केला की घरच्या नंबरावर एकही मेसेज येत नाही. बँकेचा नाही, कुणाचाच नाही. दुसरा केला तर मेसेज येतात, फक्त निघण्याआधी कंपनीकडून बाहेरची सेवा सुरू करून घ्यावी लागते. आलेला एसएमएस वाचायला बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत. म्हणून मी कुणालाही ‘रोमिंग बंद ठेवा’ एवढंच म्हणत नाही. सगळं सांगून झालं की तेच मी समोरच्याकडून म्हणून घेते. लोकांना शाळेत गेल्यासारखं वाटतं, हसतात, पण म्हणतात.

भोयरांनीही म्हटलं होतं.

वसंतराव भोयरांचं नंदनवनात पाण्याच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान आहे. मोटारीची कंपनी आपल्या जास्त माल खपवणाऱ्या दुकानदारांना दरवर्षी कुठंतरी फिरवून आणते. या वेळी थायलंड होतं. भोयर गोरे, गोल, बोलायला गोड. गोड बोलणाऱ्यांवर मी दुप्पट संशय घेते, पण ते मला आवडले. सकाळी दुकान मुलगीच उघडते, कॉम्प्युटरही तीच पाहते, फार हुशार आहे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. माझा मुलगा पुण्याला शिकला, हे मीही सांगून बसले. मी त्यांचं ई-सिम बसवलं, बटणं लावून दिली आणि म्हणाले, आता म्हणा.

"घरचं सिम चालू, त्याचं नेट बंद," भोयर बोटांवर मोजत म्हणाले. "बाहेरच्या सिमचं नेट बी चालू, रोमिंग बी चालू. कोणाचा फोन आला तं उचलाचा नाही, काटाचा बी नाही, वाजू द्याचा. घरी बोलाचं तं नेटवरून. अन् मॅडम, बँकेचा ओटीपी?"

"येईल. घरच्या सिमवर येईल. त्याचे पैसे नाहीत."

"ओटीपी येईन, त्याचे पैसे नाही," भोयरांनी म्हटलं आणि सगळी बोटं मिटली.

ते गेले. आणि ते तिकडे असतानाच एका संध्याकाळी एक मुलगी दुकानात आली. कुर्ता, पाठीवर सॅक, डोळे सुजलेले. साहूजींनी हळूच सांगितलं, "भोयरजी की बेटी है, पल्लवी." मी खुर्ची पुढं केली. ती बसली नाही.

"काकू, तुमच्यामुळं माझी सीट गेली," ती म्हणाली.

तिला पुण्याच्या सरकारी कॉलेजात इंजिनीअरिंगला जागा लागली होती. अशी जागा ठरलेल्या मुदतीत कॉम्प्युटरवर स्वीकारावी लागते आणि त्या वेळी फॉर्ममध्ये दिलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. फॉर्म भरला तेव्हा बापाचाच नंबर दिलेला, घरातले सगळे नंबर बापाच्याच नावावर. मुदतीच्या दिवशी तिनं ओटीपी मागवला आणि नेटवरून बापाला फोन केला. ते म्हणाले, नाही आला. तिनं पुन्हा मागवला. नाही आला. आईनं फोन घेतला, तिलाही तेच सांगितलं. दिवसभर हे चाललं. मदतीच्या नंबरावर कुणी फोन उचलत नव्हतं. संध्याकाळी मुदत संपली आणि जागा पुढच्या मुलाला गेली.

"बाबा म्हणाले, रामटेके मॅडमनं रोमिंग बंद ठेवाले सांगतलं होतं. म्हणून नाही आला." तिचा आवाज फुटला. "तुम्हाले समजाले पाहिजे होतं ना काकू."

माझ्या टेबलासमोर आजवर पुष्कळ लोक रडले. मी कुणाच्या रडण्यानं हलत नसे, तशी सवयच झाली होती. त्या दिवशी मात्र पाण्याचा ग्लास पुढं करायचंही मला सुचलं नाही. मी असं सांगितलं नव्हतं हे मला माहीत होतं. पण तेव्हा मी एवढंच म्हणाले की तुझे बाबा परत आले की मी बोलते त्यांच्याशी. ती निघून गेली.

घरी जाऊन मी सगळ्या शक्यता पुन्हा पुन्हा तपासल्या. माणूस घाबरतो आणि सिमच बंद करून टाकतो. विमानात लावलेला फ्लाइट मोड काढायला विसरतो आणि हॉटेलच्या वायफायवर भागवतो, मग नेटचे फोन येतात पण एसएमएस येत नाही. कधी कधी तर काहीच कारण नसताना ओटीपी रुसतो, अगदी नंदनवनात बसूनसुद्धा. म्हणजे भोयर निर्दोष असू शकत होते. मला ते निर्दोष असायला हवे होते. इकडे तोवर गल्लीत पसरलं होतं की मोबाइलवाल्या मॅडमनं भोयरांच्या पोरीचं वर्ष घालवलं. साहूजींचं नेहमीचं एक गिऱ्हाईक मला बघून दुसऱ्या दुकानात गेलं. मला राग आला, पण त्याहून जास्त मला हे जाणून घ्यायचं होतं की नक्की काय झालं.

भोयर परत आल्यावर आपणहून आले, हातात नारळाच्या वड्यांचा डबा. ते परदेशी सिम काढून टाका म्हणाले, नाहीतर गुपचूप पैसे कापत राहील. ते आपोआप संपतं हे सांगूनही पटेना, म्हणून मी फोन हातात घेतला. पल्लवीच्या जागेचा विषय मी काढला नाही. त्यांनीही काढला नाही. चहा मागवला.

"जेवणाचे हाल झाले असतील."

"नाही जी, कंपनीनं आचारीच नेला होता संगं. मटणाचा रस्सा अन् भाकर, थायलंडात!"

"आणि फोनचा काही त्रास? मेसेजबिसेज?"

"अरे बाप्पा, काही विचारू नका," भोयर रंगात आले. "तिथं बी पिच्छा सोडत नाही ना हे लोक. आम्ही बोटीत बसलो, चारी बाजूनं समुद्र, अन् फोन टुंग टुंग! पाहतो तं काय, हुडकेश्वरले प्लॉट घ्या म्हणते. लोन घ्या म्हणते. मी म्हटलं, अबे, मी पाण्यात आहो, प्लॉट काय घेतो!"

साहूजी काउंटरमागून हसले. मीही हसले असेन. फोन माझ्या हातातच होता, पण मी मेसेज उघडून पाहिले नाहीत. पाहायची गरज उरली नव्हती. प्लॉटवाल्यांचा मेसेज समुद्रात पोचतो, तर घरचं सिम जिवंत होतं.

"मग ओटीपी तेवढा नाही आला?" मी विचारलं.

भोयरांचा चहाचा पेला ओठांजवळ थांबला. "मॅडम, तुम्ही सांगतलं होतं ना, रोमिंग बंद..."

"मी काय सांगितलं होतं ते तुम्ही मला इथंच म्हणून दाखवलं होतं, भोयरजी."

त्यांनी पेला टेबलावर ठेवला. मग म्हणाले ते अगदी वेगळ्या आवाजात. गोडवा गेला होता. "एकच पोरगी आहे मले. पुण्याले गेली की वापस येते का कोणी? तुमचा पोरगा गेला होता ना पुण्याले शिकाले. कुठं आहे आता?"

"हॉलंडमध्ये," मी म्हणाले.

"मंग?"

माझा मुलगा वर्षातून एकदा येतो. विमानतळावरून घरी येईपर्यंत त्याच्या फोनमध्ये त्याच्याच देशाचं सिम चालू असतं, आणि माझ्याच मुलाला मी सांगते की बाबा, इथलं ई-सिम घे, रोमिंग लागेल. हे भोयरांना कुणी सांगितलं असणं शक्य नाही, पण नेमकं तिथंच लागलं. डबा टेबलावर ठेवून ते उठले. जाताना म्हणाले, "पोरीले काही सांगू नका."

ई-सिम काढलेला फोन मी त्यांच्या हातात दिला, वचन मात्र दिलं नाही. ऑफिसात आमचा एक कडक नियम होता. एका ग्राहकाची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही, मग तो नवरा असो की बायको, बाप असो की लेक. त्या नियमानं मी कित्येक घरं मोडण्यापासून वाचवली असतील आणि कित्येक जणांना अंधारातही ठेवलं असेल. बायका यायच्या, यांनी कुणाला फोन केले ते सांगा म्हणायच्या, हात जोडायच्या. मी नकाराची मान हलवायचे. तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा. आता वाटतो की नाही, सांगता येत नाही. नारळाच्या वड्या घरी नेल्या, पण खाल्ल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात पल्लवी आली. या वेळी डोळे कोरडे होते आणि ती खुर्चीत बसली.

"काकू, एक विचारू? रोमिंग बंद असलं तं ओटीपी येते का?"

मी तिच्याकडे पाहिलं. एवढी सरळ बसली होती की ती उत्तर घेतल्याशिवाय उठणार नाही हे कळत होतं. तिनं मला बापाबद्दल विचारलंच नव्हतं. तिनं फोनबद्दल विचारलं होतं, आणि फोनबद्दल खोटं बोलायचा मला काय अधिकार?

"नेटचं रोमिंग बंद असलं तरी येतो," मी म्हणाले. "सिम चालू असलं की येतो."

"अन् तुम्ही बाबांचं सिम चालू ठेवलं होतं."

"मी कुणाचंच सिम बंद करून देत नाही."

तिनं मान खाली घातली. मला वाटलं आता रडेल, आणि मी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला, जन्मभराची सवय. ती रडली नाही. टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "बाबाले सांगू नका की मी विचारलं म्हणून."

बाप म्हणतो पोरीला सांगू नका, पोरगी म्हणते बापाला सांगू नका, आणि मी मधे बसलेली. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला आणि दोघांची कणवही आली. पुण्याची जागा परत मिळणार नव्हती, ते तिलाही माहीत होतं. पण प्रवेशाची एक शेवटची फेरी बाकी होती, उरलेल्या जागांची, आणि तिच्यात बाहेरगावची काही बरी कॉलेजं होती.

"काकू," ती म्हणाली, "मले माझ्या नावाचं सिम पाहिजे. अठरा झाले मले."

साहूजींनी तिचं ओळखपत्र घेतलं, पांढऱ्या भिंतीसमोर उभी करून तिचा फोटो काढला. कॉम्प्युटरवर माहिती भरता भरता विचारलं, "बेटा, दूसरा नंबर कौन सा दूँ? घर में किसी का भी चलेगा. उसपे ओटीपी जाएगा, वो बताना पड़ेगा."

नवं सिम सुरू करताना हा नियम असतो. माझा नंबर द्या, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पल्लवीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तिनं बापाचा नंबर सांगितला, न अडखळता.

"आईचा दे ना," मी हळूच म्हणाले.

"नाही काकू. बाबाचाच."

साहूजींनी बटण दाबलं. पल्लवीनं स्वतःचा फोन काउंटरवर ठेवला, स्पीकर चालू केला आणि बापाच्या दुकानात फोन लावला. भोयरांनी लगेच उचलला. मागं कुणीतरी मोटार चालवून दाखवत होतं, तिची घरघर ऐकू येत होती.

"बाबा, तुमच्या फोनवर आत्ता ओटीपी आला असन. सांगा बरं."

"कायचा ओटीपी वं?"

"सिमचा. माझ्या नावाचं सिम घेऊन राहिली मी."

"काहून? आहे ना तुझ्याजवळ एक."

"ते तुमच्या नावाचं आहे, बाबा."

मोटार बंद झाली. "कुठं आहे तू?" भोयरांनी विचारलं.

"साहूजीच्या दुकानात. रामटेके काकूजवळ."

पलीकडून काहीच आवाज येईना. फोनवर गप्प झालेल्या माणसांचा मला पुष्कळ अनुभव आहे. कोण आठवतंय, कोण बनवतंय, कोण फोन ठेवायच्या बेतात आहे, हे मला श्वासावरून कळतं असा माझा दावा असायचा. त्या वेळी मला काही कळलं नाही. मी फक्त वाट बघत होते की आता हा माणूस म्हणेल, नाही आला. आणि तो तसं म्हणाला तर मी काय करणार होते, तेही मला ठाऊक नव्हतं. साहूजींना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते म्हणाले, "नहीं आया क्या? दोबारा भेजूँ?"

"नको," पल्लवी म्हणाली. तिची नजर फोनवरच होती. "आला आहे."

"आला," भोयर म्हणाले. खाकरले. "आला आहे. घे."

त्यांनी एकेक आकडा सुटा सुटा सांगितला आणि पल्लवी तो मोठ्यानं म्हणत गेली. साहूजी टाकत गेले. शेवटचा आकडा राहिला आणि भोयर थांबले.

"पल्लवी," ते म्हणाले, "ते शेवटची फेरी कधी आहे वं?"

मी खुर्चीत ताठ झाले. आता अडवतो हा, आता सौदा करतो, असंच माझ्या मनात आलं. दुसरं काही यायला माझं मन शिकलेलंच नाही.

"सोमवारी," पल्लवी म्हणाली.

"सोमवारी सकाळी दुकान उघडू नको मंग. कॉम्प्युटरपाशी बस," भोयर म्हणाले, आणि त्यांनी शेवटचा आकडा सांगितला.